कॅथेड्रल, वीजघर आणि लाल टेलिफोन बूथ : जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईचा राजाबाई टॉवर ज्यांनी आखला, ते स्कॉट हेच का?

नाही, ते यांचे आजोबा, सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–१८७८). घराण्यात तीन पिढ्या आर्किटेक्ट आणि तिन्ही नावांत ‘गिल्बर्ट स्कॉट’, त्यामुळे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर यांचे आराखडे आजोबांनी लंडनमध्ये बसून काढले. मुंबईत त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नाही. टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आपल्या आईचं नाव द्यायला लावलं. तो पूर्ण झाला १८७८ च्या अखेरीस, म्हणजे आजोबा वारल्यानंतर काही महिन्यांनी. लंडनचं सेंट पँक्रस स्टेशनला लागून असलेलं भव्य हॉटेल आणि अल्बर्ट मेमोरियल ही कामंही त्यांचीच.

या पानावर आहे ती नातवाची, म्हणजे लिव्हरपूलचं कॅथेड्रल, लंडनची दोन वीजघरं आणि लाल टेलिफोन बूथ यांचे आर्किटेक्ट जाइल्स यांची कारकीर्द. जन्म ९ नोव्हेंबर १८८०, लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये. मृत्यू फेब्रुवारी १९६०.

म्हणजे घरातूनच धडे मिळाले असणार?

आडनाव मिळालं, धडे नाहीत. आजोबा जाइल्सच्या जन्माआधीच गेले होते. वडीलही आर्किटेक्ट होते आणि जाणकारांच्या मते आजोबांपेक्षा हळवा हात असलेले. पण जाइल्स लहान असतानाच त्यांचं मानसिक संतुलन ढळलं. कायद्याने त्यांना वेडसर ठरवण्यात आलं, ते घरापासून तुटले आणि १८९७ मध्ये वारले. वारले तेही कुठे, तर स्वतःच्या बापाने बांधलेल्या त्या सेंट पँक्रसच्या हॉटेलात. जाइल्स तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि वडिलांची भेट त्यांना जेमतेम काही वेळाच घडली होती.

मुलांना या धंद्यात घालायचं हे ठरवलं ते आईने. एलन स्कॉट मुलांना सायकलवर घेऊन ससेक्स आणि केंटमधली जुनी चर्चेस दाखवत हिंडायच्या. १८९९ मध्ये जाइल्स टेंपल मूर यांच्याकडे उमेदवारीला लागले. मूर हे वडिलांचे शिष्य; म्हणजे बापाची विद्या मुलाकडे आली, पण शिष्याच्या हातून.

बाविसाव्या वर्षी एवढं मोठं कॅथेड्रल त्यांना मिळालं कसं?

स्पर्धेतून. लिव्हरपूलमध्ये अँग्लिकन पंथाचं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं, नवं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) उभारायचं ठरलं आणि १९०१ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. एकूण १०३ प्रवेशिका आल्या. त्यांत पुढे जगभर नाव झालेले चार्ल्स रेनी मॅकिंटॉश होते आणि खुद्द टेंपल मूरही होते. परीक्षक जॉर्ज बॉडली आणि नॉर्मन शॉ यांनी अंतिम फेरीसाठी पाच जण निवडले. त्यांत गुरू नव्हते, शिष्य होता. १९०३ मध्ये निकाल लागला तो याच शिष्याच्या बाजूने.

समिती हादरली. विजेत्याने तोवर एक भिंतही उभी केलेली नव्हती. आपण आखलेली आणि प्रत्यक्षात बनलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे तंबाखूचे पाइप ठेवायची मांडणी, असं त्यांनी सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. त्यात हा मुलगा रोमन कॅथलिक! अँग्लिकन पंथाचं मुख्य देवालय कॅथलिकाने बांधायचं यावर बरीच आदळआपट झाली. शेवटी तोडगा निघाला तो असा : पोराला काम द्यायचं, पण डोक्यावर एक वडीलधारा बसवायचा. परीक्षक बॉडली स्वतःच जोडीचे आर्किटेक्ट झाले. १९ जुलै १९०४ रोजी राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते कोनशिला बसली.

बॉडलींशी त्यांचं पटलं का?

अजिबात नाही. बॉडली तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते आणि त्यांनी अमेरिकेतल्या दोन कॅथेड्रलांची कामंही अंगावर घेतली. लिव्हरपूलकडे लक्ष कमी आणि हस्तक्षेप मात्र जास्त, अशी जाइल्स यांची तक्रार होती. ते राजीनामा देण्याच्या बेतात असतानाच, १९०७ मध्ये, बॉडली वारले आणि कामाची सूत्रं एकट्या जाइल्स यांच्या हाती आली.

कॅथेड्रलमधल्या लेडी चॅपलमध्ये, म्हणजे मेरीमातेच्या छोट्या प्रार्थनागृहात, या जोडगोळीच्या खुणा अजून दिसतात. १९१० मध्ये पूर्ण झालेला हा सगळ्यांत जुना भाग. इथे कोरीवकाम दाटीवाटीने भरलेलं आहे, कमानी नाजूक आहेत, छताच्या पट्ट्यांची जाळी बारीक आहे. तिथून मुख्य इमारतीत पाऊल टाकलं की कोरीवकाम जवळपास थांबतं आणि नुसत्या लाल दगडाच्या उंचच उंच भिंती सुरू होतात. बॉडलींच्या मृत्यूनंतरचे स्कॉट कोणते, हे त्या एका उंबऱ्यावर कळतं.

मूळ आराखडा त्यांनी मधेच बदलला, हे खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच. स्पर्धा जिंकलेल्या चित्रात दोन मनोरे होते. पाया घालून झालेला, भिंती वर येत असलेल्या आणि पैसा लोकवर्गणीचा. अशा वेळी तिशीच्या आतल्या आर्किटेक्टने समितीपुढे जाऊन सांगितलं, की मला हा आराखडा पटत नाही, पुन्हा काढतो. दोन मनोरे गेले. त्यांच्या जागी मधोमध एकच प्रचंड मनोरा आला, त्याच्या दोन्ही अंगांना इमारतीच्या आडव्या पंखांच्या जोड्या आल्या आणि मनोऱ्याखाली हजारो माणसं मावतील असा एक सलग मोकळा चौक तयार झाला. नोव्हेंबर १९१० मध्ये समितीने हे मान्य केलं. विजेत्या चित्रावर असा बोळा फिरवायला छाती लागते, आणि तो फिरवू द्यायला समितीचीही लागते.

पुढेही ते थांबले नाहीत. मनोऱ्याचा वरचा भाग त्यांनी कितीदा तरी नव्याने काढला. स्वतःच्या रेघा खोडण्याची ही सवय त्यांच्या इतर कामांतही दिसते.

कॅथेड्रल पूर्ण कधी झालं?

१९७८ मध्ये, आर्किटेक्टच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी. कोनशिलेपासून धरलं तर चौऱ्याहत्तर वर्षं. मधले टप्पे असे : १९ जुलै १९२४ रोजी, म्हणजे कोनशिलेला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी, पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत प्रतिष्ठापना झाली आणि स्कॉट यांना ‘सर’ किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलवर बॉम्ब पडत होते, तरी काम रेंगाळत का होईना चालू राहिलं. २० फेब्रुवारी १९४२ रोजी एकसष्ट वर्षांच्या स्कॉट यांनी १०१ मीटर उंचीच्या मनोऱ्यावरचा शेवटचा दगड स्वतःच्या हाताने बसवला. पश्चिमेकडचा शेवट त्यांच्या पश्चात दुसऱ्यांनी थोडा आटोपशीर करून बांधला, कारण पैसा संपत आला होता.

दगड शहराजवळच्या वुल्टनच्या खाणीतला, लालसर वालुकाश्म. इमारतीची लांबी १८९ मीटर.

लिव्हरपूलमध्ये दोन कॅथेड्रल आहेत, तीही समोरासमोर. दुसरं कुणाचं?

रोमन कॅथलिकांचं. होप स्ट्रीटच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते. गंमत पाहा : अँग्लिकनांचं कॅथेड्रल कॅथलिक स्कॉट यांनी बांधलं, तर कॅथलिकांनी आपल्यासाठी बोलावलं ते अँग्लिकन घरातल्या एडविन लट्यन्स यांना, म्हणजे नवी दिल्लीवाल्यांनाच. लट्यन्स यांचा आराखडा इतका अवाढव्य होता की तळघरापलीकडे तो गेलाच नाही. आज त्या तळघरावर दिसते ती फ्रेडरिक गिबर्ड यांची गोल, मुकुटासारखी इमारत, १९६७ मधली.

लंडनचा लाल टेलिफोन बूथ खरंच यांनी केला?

होय. १९२१ मध्ये टपाल खात्याने काँक्रीटचा पहिला बूथ आणला होता, पण तो कुणालाच फारसा आवडला नाही. लंडनमधल्या कित्येक पालिकांनी तो आपल्या रस्त्यावर उभाच करू दिला नाही. १९२४ मध्ये मोजक्या आर्किटेक्टांकडून नवे नमुने मागवले गेले. त्यांत स्कॉट यांचा निवडला गेला आणि १९२६ पासून ‘के-२’ या नावाने ओतीव लोखंडात तयार होऊ लागला.

वरचा तो पसरट घुमट कुठून आला, याचं उत्तर लंडनच्या सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारात आहे. तिथे बँक ऑफ इंग्लंडचे आर्किटेक्ट जॉन सोन यांनी पत्नीसाठी बांधलेली समाधी आहे. चार बाजूंना अर्धवट कमानी आणि वर बसका घुमट. स्कॉट त्याच सुमारास सोन यांच्या संग्रहालयाचे विश्वस्त झाले होते, त्यामुळे हे साम्य योगायोगाचं नसावं असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

लाल रंग मात्र त्यांचा नाही. त्यांनी सुचवलेला बूथ बाहेरून चंदेरी आणि आतून निळसर हिरवा होता. टपाल खात्याने तो लाल केला आणि तोच जगाच्या लक्षात राहिला. खेड्यापाड्यांतून या भडक रंगाविरुद्ध ओरड झाली, तेव्हा काही निसर्गरम्य ठिकाणी करड्या रंगाला परवानगी मिळाली. हल शहराची टेलिफोन सेवा पालिकेची होती, तिथले बूथ साईच्या रंगाचे.

रस्त्यावर दिसणारा बूथ के-२ की के-६, हे कसं ओळखायचं?

काचा बघा. के-२ च्या दारावर सगळ्या काचा एकाच मापाच्या असतात, सहा ओळींत तीन-तीन. के-६ मध्ये ओळी आठ, आणि मधली काच रुंद, बाजूच्या दोन अरुंद पट्ट्या. त्यामुळे तो आडवा, मोकळा वाटतो. मग वरचा राजमुकुट बघा. के-२ मधल्या मुकुटाला आरपार भोकं असतात. आतली कोंदट हवा बाहेर जायची सोय मुकुटातूनच केलेली आहे. के-६ मध्ये मुकुट नुसता उठावाचा, आणि हवेसाठी त्याच्या खाली, ‘टेलिफोन’ या पाटीजवळ वेगळी फट. शिवाय के-२ अंगाने थोराड, वजन सव्वा टनाच्या आसपास. तो महाग पडायचा, म्हणून लंडनबाहेर फारसा गेला नाही.

के-६ हा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी १९३५ मध्ये केलेला नमुना. तो लहान, स्वस्त आणि देशभर उभा करण्याजोगा होता. असे सुमारे साठ हजार बसले. शंभर मीटरच्या मनोऱ्याचा आर्किटेक्ट लोकांना माहीत आहे तो अडीच मीटरच्या डब्यामुळे, आणि त्या डब्यावर त्याने मनोऱ्याइतकेच कष्ट घेतले होते.

चर्च बांधणारा माणूस वीजघराकडे कसा वळला?

लोकांच्या रागामुळे. टेम्सकाठी बॅटरसीला, शहराच्या ऐन मध्याजवळ, कोळशावर चालणारं अवाढव्य वीजघर येणार म्हटल्यावर लंडनमध्ये गदारोळ झाला. धूर, राख, गंधक आणि त्यावर कळस म्हणजे ते ध्यान रोज डोळ्यांसमोर! कंपनीने १९३० मध्ये बाहेरचं रूप सुधारायला स्कॉट यांना बोलावलं. तोपर्यंत इंजिनिअर लिओनार्ड पिअर्स यांनी यंत्रांची जागा, इमारतीची मापं, धुराडी हे सगळं ठरवून टाकलं होतं, जे. थिओ हॅलिडे हे आर्किटेक्टही कामावर होते. आतला संगमरवरी थाटाचा नियंत्रण कक्ष हॅलिडे यांचा.

मग स्कॉट यांनी केलं काय? एवढ्या मोठ्या विटांच्या भिंतीवर नक्षी चिकटवायचा मोह त्यांनी टाळला. भिंती सपाट ठेवल्या, कोपरे पायऱ्यापायऱ्यांनी आत घेतले आणि उभ्या खाचा पाडून नजर वर ओढली. धुराड्यांना ग्रीक खांबांसारख्या उभ्या पन्हळी दिल्या. लिव्हरपूलला लाल दगडात जे केलं, तेच इथे विटेत : भिंतीचा भार दिसू द्यायचा आणि सजावट एकदोन जागी गोळा करायची. बॅटरसीला विरोध करणारी जनताच पुढे त्या धुराड्यांच्या प्रेमात पडली.

आज उभी असलेली चार धुराडी मूळची नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. गंजलेली जुनी उतरवून अलीकडे तशीच नवी ओतली. वीजनिर्मिती १९८३ मध्येच बंद झाली. २०२२ पासून तिथे दुकानं, ऑफिसं आणि फ्लॅट आहेत. एका धुराड्यात लिफ्ट बसवलेली आहे.

टेट मॉडर्न हेही त्यांचंच वीजघर ना?

हो, बँकसाइडचं. हे महायुद्धानंतरचं, तेलावर चालणारं, आणि जागा आणखी नाजूक : नदीपलीकडे नेमकं सेंट पॉल्स कॅथेड्रल. पुन्हा तीच ओरड. स्कॉट यांनी मधोमध एकच चौकोनी धुराडं ठेवलं, ९९ मीटरचं, म्हणजे सेंट पॉल्सच्या १११ मीटरच्या घुमटापुढे अदबीने खाली. बाकी सगळी वीटच वीट, बेचाळीस लाखांवर. १९८१ मध्ये ते बंद पडलं आणि २००० मध्ये स्विस आर्किटेक्ट हर्झोग आणि द म्यूरॉन यांनी तिथे कलादालन केलं. यंत्रं काढल्यावर उरलेल्या टर्बाइन हॉलमध्ये उभं राहिलं की देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं, असं पाहुणे हमखास म्हणतात. लिव्हरपूल पाहिलेल्याला त्याचं नवल वाटणार नाही.

ते आधुनिक होते की जुन्या वळणाचे?

दोन्ही बाजूंनी त्यांना आपलं मानलं नाही. १९३३ ते १९३५ या काळात ते ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेचे अध्यक्ष होते आणि तेव्हा काँक्रीट-काचवाल्यांचं आणि खांब-कमानवाल्यांचं भांडण ऐन रंगात होतं. स्कॉट यांनी मधली वाट धरली : नवं बांधकामतंत्र घ्यावं, पण त्यासाठी माणसाच्या डोळ्याला सवयीचं असलेलं सगळं फेकून देऊ नये.

मधली वाट नेहमी यशस्वी होते असं नाही. केंब्रिज विद्यापीठाचं ग्रंथालय (१९३४) मला आवडतं. ४८ मीटरचा तो पुस्तकांचा मनोरा वीजघरासारखा दिसतो म्हणून विद्यार्थी टिंगल करतात, पण तो उभा आहे झोकात. ऑक्सफर्डचं न्यू बॉडलियन ग्रंथालय मात्र धड इकडे नाही नि धड तिकडे. १९४६ मध्ये राजे सहावे जॉर्ज उद्घाटनाला आले, चांदीची किल्ली कुलपात घातली आणि ती आतच मोडली. त्या इमारतीच्या नशिबाला शोभेल असाच प्रसंग.

लंडनच्या वॉटर्लू पुलाला ‘लेडीज ब्रिज’ का म्हणतात?

महायुद्धाच्या काळात पुरुष कामगार आघाडीवर गेल्याने या पुलावर बायकांनी मोठ्या संख्येने काम केलं. १९४५ मध्ये औपचारिक उद्घाटन झालं तेव्हा भाषणात आभार मानले गेले ते पुरुषांचे. बायकांचा वाटा मान्य व्हायला कित्येक दशकं लागली. स्कॉट यांचं काम इथेही इंजिनिअरांच्या सांगाड्याला रूप देण्याचं होतं. पाच कमानी, पोर्टलंडचा पांढरट दगड आणि नक्षीचं नावही नाही.

ब्रिटिश संसदेचं सभागृह त्यांनी नव्याने बांधलं म्हणतात. वेगळं काय केलं?

वेगळं काही करू नका, हीच अट होती. मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृह जळून गेलं. चर्चिल यांचा आग्रह, की सभागृह आयताकृतीच हवं, बाकं समोरासमोर हवीत आणि सगळ्या खासदारांना पुरेल एवढी जागा मुळीच नको. नाहीतर एरवी ते रिकामं वाटतं आणि वादाला रंग चढत नाही. स्कॉट आणि त्यांचे धाकटे भाऊ एड्रियन यांनी तसंच केलं : ओक लाकूड, हिरवी बाकं, जुन्यापेक्षा साधं कोरीवकाम. आत येण्याच्या वाटेवरच्या कमानीचे पिचलेले, जळके दगड चर्चिल यांच्याच सूचनेवरून तसेच ठेवले. २६ ऑक्टोबर १९५० रोजी सभागृह उघडलं. राष्ट्रकुलातल्या देशांनी त्यासाठी वस्तू भेट दिल्या. प्रवेशद्वारांचे दरवाजे आहेत भारत आणि पाकिस्तान यांचे.

त्यांचं काही फसलं का?

कॉव्हेंट्री. नोव्हेंबर १९४० मध्ये तिथलं जुनं कॅथेड्रल बॉम्बने उद्ध्वस्त झालं. नव्याचं काम स्कॉट यांच्याकडे आलं, पण एका बाजूला बिशपना काही नवं हवं होतं आणि दुसऱ्या बाजूला सरकारी कला आयोगाला त्यांचा आराखडा पसंत पडेना. दोघांना खूश करायच्या नादात चित्र बिघडत गेलं आणि १९४७ मध्ये त्यांनी काम सोडलं. पुढे स्पर्धा झाली, बेसिल स्पेन्स जिंकले.

घराण्यात आणखी कुणी?

एड्रियन यांचा उल्लेख वर आलाच. मुलगा रिचर्डही आर्किटेक्ट. आणि चुलत नात्यातल्या एलिझाबेथ स्कॉट. स्ट्रॅटफर्डचं शेक्सपिअर स्मारक नाट्यगृह (१९३२) त्यांचं. बाईने आखलेली ब्रिटनमधली ती पहिली महत्त्वाची सार्वजनिक इमारत.

त्यांचं दफन कुठे झालं?

लिव्हरपूल कॅथेड्रलच्या पश्चिम दाराबाहेर, पत्नी लुईज यांच्या शेजारी. कॅथलिक असल्याने अँग्लिकन देवालयाच्या आत जागा मिळाली नाही, असं सांगतात. ती जागा त्यांच्या आराखड्यानुसार पुढच्या मंडपाच्या छताखाली यायची होती, पण काटकसरीत तो मंडप बांधलाच गेला नाही.

लंडनमध्ये एकच दिवस आहे. काय बघू?

सकाळी सेंट पँक्रस : आजोबांचं हॉटेल बघा, मग मागच्या जुन्या चर्चच्या आवारात जॉन सोन यांची समाधी. तिथून पिकाडिलीला, रॉयल अकॅडमीच्या बर्लिंग्टन हाउसच्या कमानीखाली के-२ चा मूळ लाकडी नमुना अजून उभा आहे. लोक तो साधा बूथ समजून पुढे जातात. दुपारी वॉटर्लू पूल ओलांडून नदीकाठाने पायी टेट मॉडर्नपर्यंत. टेटला तिकीट नाही. संध्याकाळी भुयारी रेल्वेने बॅटरसी.

लाल बूथ विकत मिळतो का?

जुने, दुरुस्त केलेले बूथ विकणारे व्यापारी ब्रिटनमध्ये आहेत. किंमत हजारो पौंडांत आणि वजन लक्षात घेता वाहतूक वेगळी. गावाला हवा असेल तर मात्र वेगळी सोय आहे. टेलिफोन कंपनी बंद पडलेला बूथ एका पौंडात गावाच्या स्वाधीन करते, आतला फोन काढून. कुठे त्यात पुस्तकांची देवाणघेवाण चालते, कुठे हृदयविकाराच्या झटक्यासाठीचं यंत्र ठेवलेलं असतं. रंगवण्याचा खर्च गावाचा.